मेनूत नसलेलं मोर्शी

सरकीचा वास आला की मला अमरावतीच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं, ऑफिस आठवतं. तिथे मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून मेनूत मेनू बसवले होते: तालुक्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात गेटपास छापायची सोय. एक्सेलचे मूळ मेनू मी ऐटीत लपवूनच टाकले होते. एके दिवशी मोर्शीहून कापसाची गाडी आली आणि माझ्या मेनूत मोर्शीच नव्हतं, त्यामुळे गेटपास निघेना. "काहून रे?" जिनिंगचे मालक शेठजी ओरडले. "तिकडं त संत्रे पिकतेत, शेठजी!" "मंग गाडीत काय संत्रे हायेत? काढून फेक तुया मेनू, हातानं लिही!" "मेनू नाई काढत. मले काढा," म्हणत, गाडी दारात ताटकळत ठेवून, मी तिथेच मोर्शी घातलं. मेनूत मेनू मी आजही घालतोच. फक्त प्रत्येकाच्या तळाशी 'इतर' ठेवतो, आणि त्या 'इतर'मध्ये पहिलं नाव मोर्शीचं असतं.