खंडेनवमीला पाना उचलला

निपाणी स्टँडवरच्या समद्या मोटारवाल्यांनो, आज खंडेनवमीला पूजेतला पाना मी उचलला. मागनं कुजबुज नको म्हणून स्टँडच्या फळ्यावर माझ्याच हातानं लिहून लावतोय.

सकाळी तवंदी घाट उतरताना स्टेअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं उशिरा वळत होती. स्टँडवर आल्यावर खाली वाकून बघितलं. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं टोक पार झिजलेलं. नवं टोक बेळगावातनं आणलेलं होतं, पण मालक आप्पांनी तेबी हत्यारांसंगं पूजेत मांडलेलं, हळदकुंकू लावून.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "उद्या बसीव. आता संकेश्वरची माणसं घेऊन जा."

"हत्यारांना सुट्टी हाय, तर मोटारीलाबी द्या की आप्पा."

"लई शिकवू नगोस मला!"

मी पूजेतला पाना उचलला आणि मोटारीखाली शिरलो. नट सैल केला, तर टोकातला झिजका गोळा, ज्याच्या जोरावर चाक वळतं तोच, आपसूक निसटून हातात आला. तो मी पूजेच्या ताटात ठेवला आणि नवं टोक बसवलं.

आप्पा त्या गोळ्याकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "संकेश्वरास्नं येताना ह्याच गाडीनं माझी लेक येणार हुती रं, दसऱ्याला."

"आणि बाकीची माणसं कुणाचीच न्हाईत व्हय, आप्पा?"

आता मला पाप लागलं म्हणणाऱ्यांनी खाली खुशाल लिवा. पण त्याआधी आपल्या मोटारीचं पुढचं चाक धरून एकदा हलवून या.