सारिकाने टॅप केलं होतं

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे असतील तर ते निवृत्त सुभेदार मारुती ढवळे यांचे. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून मी कृतघ्न आहे असं कोणालाही वाटेल. काका मूळचे साताऱ्याकडचे. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं आणि निवृत्तीनंतर खातीपुऱ्यात घर बांधून ते इथेच राहिले. मे महिन्यातल्या एका सकाळी मी वैशाली नगरातल्या हॉस्पिटलात एका आजींच्या गुडघ्याचा व्यायाम घेत होतो, तेव्हा त्यांचाच फोन आला. एरवी काका फोनवर परेडला बोलावल्यासारखे बोलतात. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की आधी मला ओळखूच आला नाही. "दत्ता, सारिका पडलीय रं. आमेर रोडच्या हॉटेलात. तू ये." मी पोचेपर्यंत ती गेली होती. काकांची मुलगी, चोवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या विजेतीचं हृदयविकाराने निधन झालं. हृदयविकार! तिच्या हृदयाला कसलाही विकार नव्हता. ते पाण्यावाचून थांबलं.

मी परांड्याचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे, आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. फिजिओथेरपीला माझा नंबर जयपूरच्या कॉलेजात लागला तेव्हा जयपूर नक्की कुठे आहे हे मी नकाशात शोधलं होतं. वसतिगृह भरलेलं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी माझी काकांशी गाठ घालून दिली. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गच्चीवर खोली हाय. पंखा आवाज करतो. चालंल?" मी शिक्षण संपेपर्यंत त्या खोलीत राहिलो. पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास झालो, कोणाला न सांगता बॅग भरली आणि खातीपुरा स्टेशनवर जाऊन बसलो. काका चालत आले, बाकावर शेजारी बसले. परत चल म्हणाले नाहीत. म्हणाले, "गाडीला येळ हाय अजून. तवर ते हाडांचं पुस्तक काढ." गाडी आली आणि गेली, आम्ही मनगटाच्या हाडांपर्यंत पोचलो होतो... मी आज हॉस्पिटलात पांढरा कोट घालून फिरतो तो त्या बाकामुळे.

सारिका तेव्हा शाळेत होती. तिचं मराठी हिंदीत बुडवून काढल्यासारखं होतं आणि ती मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायची. "दादा, तुझ्या पुस्तकात हड्डी कुठे तुटते ते दिलंय ना, मतलब किती जोर लावल्यावर?" असे तिचे प्रश्न. छावणीच्या जिममध्ये ती आधी जूडो शिकली आणि मग मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या या खेळाकडे वळली. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाळीच्या पिंजऱ्यात दोघी उभ्या राहतात, ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, गळा आवळणं, सगळं चालतं. ऐकायला रानटी वाटतं. मलाही वाटलं होतं. सारिकाची लढत पाहिली आणि माझं मत बदललं.

ती फार कमी मारायची. समोरची मुलगी ठोसे टाकत यायची, सारिका दोन्ही हात कानाजवळ धरून एक छोटं पाऊल डावीकडे टाकायची आणि पुढच्या क्षणी तिचं कपाळ त्या मुलीच्या हनुवटीखाली असायचं. तिथून ती हलायचीच नाही. डोकं वर ढकललं गेलं की माणसाचा कणा सरळ होतो आणि सरळ कण्याच्या माणसाला ताकद लावता येत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती ते करायची. मग पायात पाय, मग जमीन, मग हळूहळू पाठीमागे जाणं आणि शेवटी गळ्याभोवती हात. प्रेक्षकांना हे आवडायचं नाही. "मार ना, मार! सो गई क्या?" असं ओरडायचे. स्पर्धांच्या आयोजकांनी तर एकदा तिला तोंडावर सांगितलं की बेटा, तुझ्या लढती विकल्या जात नाहीत, थोडं रक्त दिसू दे. घरी येऊन तिने मला त्यांची नक्कल करून दाखवली, पोट पुढे काढून, मिशीवर बोट फिरवत. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? "मी म्हटलं, सर, मला मारायला नाही आवडत. संपवायला आवडतं."

तिला विजेतेपदाचा पहिला पट्टा मिळाला ती लढत मी विसरणार नाही. या खेळात हार मानायची एक खूण आहे, तिला टॅप म्हणतात. गळा आवळला गेला, हात पिरगळला गेला, की समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने दोनदा थोपटायचं. थोपटलं की सोडायचं. सगळा रानटी खेळ या एका वचनावर उभा आहे. त्या लढतीत सारिकाने गळा धरला, समोरचीने तिच्या दंडावर दोनदा थोपटलं आणि सारिकाने लगेच सोडलं. पंच दुसऱ्या बाजूला होता, त्याला दिसलं नाही. ती मुलगी उठली आणि म्हणाली, मी टॅप केलंच नाही! पंचाने लढत पुढे चालू केली. मी खुर्चीवरून उठून ओरडत होतो. सारिका हसली, तोंडातल्या संरक्षक पट्टीसकट, आणि पुन्हा डावीकडे ते छोटं पाऊल टाकलं. दोनेक मिनिटांत पुन्हा तोच गळा, तीच पकड. या वेळी तिने भुवया उंचावून पंचाकडे पाहिलं, जणू विचारतेय, आता नीट बघताय ना? थोपटल्याबरोबर तिने पुन्हा सोडलं. नंतर मी तिला म्हणालो, अगं, पहिल्यांदा पंचाने थांबवेपर्यंत धरून ठेवायचंस. ती चिडली. "टॅप केल्यावर कोण धरून ठेवतं, दादा? ती म्हणाली नाही केलं. ठीक आहे, मी परत विचारलं."

पुढे ती संध्याकाळी मुलींना शिकवू लागली. पहिल्या दिवशी ठोसा नाही, लाथ नाही. पहिल्या दिवशी फक्त टॅप. मुली लाजायच्या, एकमेकींकडे बघून हसायच्या. ती ओरडायची, "शरम किस बात की? देर से टैप करोगी तो कल प्रैक्टिस पे कौन आएगा, तुम्हारी मम्मी?" स्वतः ती सरावात सगळ्यांच्या आधी टॅप करायची, नवख्या मुलीने पकड बरोबर लावली तरी. तिच्या विद्यार्थिनींत कोमल नावाची एक मुलगी होती, गल्लीतल्या दूधवाल्याची. ते पोरीला पाठवायला तयार नव्हते. काका स्वतः त्यांच्या बूथवर गेले, स्टुलावर बसले आणि त्यांना तयार करूनच उठले. आमच्या गल्लीत काकांचा शब्द असा चालतो.

आता वजनाचं सांगतो. प्रत्येक लढत वजनगटात होते आणि वजन आदल्या दिवशी करतात. म्हणून काय होतं, तर सगळे जण खालच्या गटात उतरण्यासाठी शरीरातलं पाणी काढतात. आधी पिणं बंद, मग प्लास्टिकचे कपडे घालून पळणं, शेवटी मीठ घातलेल्या कढत पाण्याच्या टबात बसणं. काट्यावर एक मिनिट उभं राहायचं आणि मग रात्रीतून पाणी पिऊन परत फुगायचं. समोरचीही तेच करते, म्हणजे फायदा कोणालाच नाही. हा मूर्खपणा मी काकांना पुन्हा पुन्हा समजावला आहे. सारिका आधी थोडंसं वजन उतरवायची, तेवढ्यानेही घराची दशा व्हायची. काकू अंगणातला माठ आत नेऊन ठेवायच्या. आम्ही सगळे स्वयंपाकघरात दाराआड उभं राहून पाणी प्यायचो, पेला ठेवल्याचा आवाज होऊ न देता. मी तिला स्कूटरवरून जिमला सोडायचो तेव्हा ती म्हणायची, "त्या प्याऊवरून नको नेऊस, दादा." जयपूरच्या उन्हात कोपऱ्याकोपऱ्यावर लोक येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी माठ भरून ठेवतात. अनोळखी माणूस तहानलेला राहू नये म्हणून! आणि आमच्या घरातली मुलगी...

या वेळी आयोजकांना आणि तिच्या कोचला तिला आणखी खालच्या गटात लढवायचं होतं. दोन गटांची विजेती, पोस्टरवर चांगलं दिसतं. दिवस थोडे होते आणि महिना मे. मी काकांच्या घरी जेवताना स्पष्ट सांगितलं, हे करू नका, मूत्रपिंड निकामी होईल, हृदयाचे ठोके बिघडतील. काका पानावरून न उठता म्हणाले, "आम्ही वाळवंटात एका बाटलीवर दिवस काढलेत. तू तिला घाबरवू नगंस. घाबरलेला गडी अर्धा हरलेला असतो." सारिका खाली मान घालून भाकरीचा तुकडा चघळत होती. ती भाकरी गिळत नव्हती. चघळून थुंकत होती.

तेराव्यानंतर कोमल माझ्याकडे हॉस्पिटलात आली. त्या सकाळी हॉटेलात वजन उतरवताना ती सारिकासोबत होती. खांदा दुखतोय म्हणाली. खांद्याला काही झालेलं नव्हतं. मी तिचा हात वर करून बघत होतो आणि ती एकदम बोलली, "भैया, दीदी ने टैप किया था."

"कुठे?"

"टब के किनारे पे. दो बार. फिर कोच सर के हाथ पे."

"मग?"

"सर ने हाथ पकड़ लिया. बोले, बस थोड़ा और, बेटा. अंकल भी फोन पे थे, स्पीकर पे. वो बोले, ढवळे की बेटी है, कर लेगी." मग ती म्हणाली, "मैंने सोचा, सर हैं, अंकल हैं... छोड़ेंगे ना."

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. कोच हुंदके देऊन रडला. आयोजकांनी तिला शेरनी म्हटलं आणि तिच्या नावाने स्पर्धा जाहीर केली, त्याच गटांत, त्याच आदल्या दिवशीच्या वजनासकट. शेवटी काका उठले. ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरीनं शेवटपर्यंत हार मानली न्हाई." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी त्या टाळ्यांमध्ये हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. ज्या मुलीने इतरांना सगळ्यात आधी हार मानायला शिकवलं, तिची ती एक गोष्ट तिच्या फोटोसमोर पुसून टाकली गेली, आणि पुसणारे आम्हीच होतो, तिची माणसं.

त्यानंतर मी काकांना पत्र लिहिलं. समोर बोलायला गेलो तर ते जेवलास का विचारतील आणि माझी जीभ उचलणार नाही, हे मला माहीत होतं. पत्र मिळाल्याचं काकूंनी सांगितलं. उत्तर आलेलं नाही आणि खातीपुऱ्याच्या चौकात स्पर्धेचा फ्लेक्स लागला आहे, त्यावर उद्घाटक म्हणून काकांचं नाव आहे. म्हणून ते पत्र इथे देतो.

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

तुमच्यामुळे मी शिकलो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. म्हणूनच हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी मी लिहितो आहे.

सारिकाने टॅप केलं होतं. टबाच्या कडेवर आणि मग कोचच्या हातावर. कोमलने पाहिलं. तुम्ही फोनवर होतात, तुम्हाला ते दिसलं नसणार. त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही असं लिहायला बसलो होतो, पण ते खोटं होईल. देतो. कोचला देतो, आयोजकांना देतो आणि तुम्हालाही देतो. तुम्ही नको म्हणाला असतात तर ती त्या टबात उतरलीच नसती. तुमच्या शब्दावर ती सहा वर्षांची असल्यापासून चालत होती.

तुम्ही हॉलमध्ये म्हणालात की तिने हार मानली नाही. काका, तिने मानली होती. तिला मानता येत होती, तेच तिचं मोठेपण होतं. तिने सोडा म्हटलं आणि आपण सोडलं नाही. तिच्या समोर लढलेल्या एकाही मुलीशी ती अशी वागली नाही.

आता त्या माणसांनी तिच्या नावाची स्पर्धा ठेवली आहे. तुम्ही तिथे जाऊ नये असं मला वाटतं, पण तो तुमचा निर्णय आहे, मी तुम्हाला अडवणारा कोण. मला एवढंच सांगायचं आहे की कोमलचं नाव त्या स्पर्धेत आहे आणि तिलाही खालच्या गटात उतरवत आहेत. काल ती माझ्यासमोर बसली होती, ओठ फुटलेले होते. मी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि परत ठेवला. मी तिच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, आप डॉक्टर लोग तो डराते ही हो, हम तो सूबेदार साहब से पूछेंगे.

ते रविवारी सकाळी दूध वाटून झाल्यावर तुमच्याकडे येणार आहेत. पोरीला पाठवू का, असं विचारतील. तुम्ही जे म्हणाल ते करतील.

त्यांना नाही म्हणा, काका.

तुमचा,
दत्ता