विटांशिवाय उभं कपाट

खुंटीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी भरायचं, सासूचे गुडघे चोळायचे, की धुम्मस खांद्यावर टाकून बांधावर. धुम्मस म्हणजे माती चोपायचा दांड्याचा लोखंडी ठोकळा. तो उचलायचा आणि सोडायचा, दाबायचा नाही. दाबणाऱ्याची कंबर आठवड्यात जाते. तिला टोळीत खुंटी म्हणत, कारण ठोकली तिथून ती हलायची नाही.

बांध मातीचा, छोटा, वस्तीच्या वर ओढ्यावर नव्याने घातला जात होता. ओढा दरवर्षी खालच्या गल्लीत शिरायचा आणि गल्लीतलं पहिलं घर खुंटीचं. म्हणून घरात सगळं विटांवर. पलंग, पिंप, पेटी, सगळं.

वीतभर माती पसरायची, पाणी शिंपडायचं, चोपायचं. मग वरून कुदळीने खरवडायचं, तेव्हाच पुढचा थर. गुळगुळीत थरावर दुसरा बसत नाही. मधून पाणी वाट काढतं.

एका दुपारी चोपलेला थर उन्हाने ताटासारखा झाला होता. वर ढग जमले. मुकादम, म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर, ओरडला, "टाका माती!"

खुंटी थरावर फतकल मारून बसली.

"वहिनी, उठा."

"आधी खरवडा."

"ढग दिसतात का? आज उंची गाठली नाही तर सगळं वाहून जाईल."

"असा चढवलात तरी जाईलच, भावजी. तेव्हा खाली माणसं झोपलेली असतील."

"बांध काय तुमच्या माहेरचा आहे?"

"माझं माहेर टेकडीवर आहे. तिथे पूर आला तर जगबुडीच म्हणायची."

टोळी हसली. मुकादम लाल झाला. "उद्यापासून कामावर येऊ नका!"

"उद्याचं उद्या. आज माती टाकायची तर माझ्या डोक्यावर टाका."

कोणी पाटी उचलली नाही. ती उठली, कुदळ घेतली, एकटी खरवडू लागली. कुदळ चिरकत होती, हाताला झिणझिण्या येत होत्या. थोड्या वेळाने शेजारी दुसरी कुदळ पडली. मुकादमाची. गल्लीतलं दुसरं घर त्याचं होतं.

"लवकर उरका," एवढंच तो म्हणाला. ढग त्या दिवशी नुसतेच गुरगुरून गेले.

सकाळी ती हजर.

"येऊ नका म्हटलं होतं ना?"

"ऐकू नाही आलं."

बांध पुरा झाला. पाऊस लागायच्या आत तिने मजुरीतून लाकडी कपाट आणलं. सासू लगबगीने चार विटा घेऊन आली.

"ठेवा त्या बाहेर."

"अगं, आधी एक पाऊस तरी बघ!"

"बघायचाय म्हणूनच आणलंय."

कपाट तिने सरळ जमिनीवर टेकवलं. त्या पावसात बांधामागे पाणी काठोकाठ चढलं, दोन दिवस अडून राहिलं आणि सांडव्यावरून निमूट उतरून गेलं.

कपाटाचे पाय कोरडे राहिले.