उजवा हातमोजा

शिवराज भालकीकर पंचेचाळिशी उलटल्यावर हिमालयात चढायला निघाला, तेव्हा सुलतान बाजारात ज्याच्या कानावर गेलं तो हसला. आजोबांपासूनचं कापडाचं दुकान, गादीवर बसून सुटलेलं पोट, माळ्यावरचा तागा काढायचा तरी धाप. शेजारचा सराफ म्हणाला, "क्या शिवराजभाई, पहाड पे जारे? पहले चारमिनार तो चढो." शिवराजही हसला. टोमणा हसण्यावारी न्यायची त्याला सवय होती. लग्नाला वीस वर्षं झाली होती.

बायको अपर्णा पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला आली होती, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने स्थळ जुळलं. तिने होकार दिला आणि शिवराजला स्वतःचं नशीब खरं वाटेना. पुढे ती गच्चीबौलीतल्या मोठ्या कंपनीत वर चढत गेली आणि नल्लकुंट्याच्या घरात तिला सगळंच खटकायला लागलं. सासूबाईंचं मोठ्याने बोलणं, शिवराजचं पोट, त्याची भाषा. तिच्या मित्रमंडळींसमोर तो "हौ" म्हणाला की ती लगेच म्हणायची, "हो म्हण रे. हौ काय?" मग तो "हो" म्हणायचा, आणि पुढच्या वाक्याला पुन्हा "हौ".

चाळिशीनंतर अपर्णाला डोंगरांचा नाद लागला. पुण्याच्या तेजस नावाच्या तरुणाचा एक गट होता. त्याच्याबरोबर ती दर वर्षी हिमाचलात जायची आणि उन्हाने सोललेले गाल घेऊन परत यायची. परत आल्यावर चार-आठ दिवस तिचा चेहरा निराळाच असायचा, मोकळा, जवळजवळ मायाळू. मग तो मावळायचा. शिवराजने हा चेहरा घरात दुसऱ्या कशाने उजळलेला पाहिला नव्हता. तो जिथून येतो तिथे आपणही एकदा जावं, असं त्याच्या मनाने घेतलं.

वर्षभर तो पहाटे मौला अलीच्या टेकडीवर गेला. पाठीवरच्या पिशवीत खादीचे गठ्ठे भरून पायऱ्या चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पोट उतरलं. आई, कुसुमताई, घाबरली. "शिवा, आजारी हायेस का काय? कशाला जीव जाळायलास?" अपर्णाने मात्र एकदाच विषय काढला.

"येतोस तर ये. पण मी तुझ्यासाठी कुठेही थांबणार नाही. आधीच सांगते."

"हौ," तो म्हणाला, आणि या वेळी तिने दुरुस्तही केलं नाही.

हिमाचलच्या लाहौल भागातलं ते शिखर सहा हजार मीटरचं. पहिल्या मुक्कामापासूनच शिवराज मागे पडायचा. पडायचा, पण पोचायचा. तेजसने त्याचं नाव 'लगेज' ठेवलं. संध्याकाळी तंबूपाशी तो सगळ्यांसमोर विचारायचा, "अपर्णा, तुझं लगेज आलं का गं?" गटातले सगळे हसायचे. सगळ्यात मोकळेपणाने अपर्णा हसायची.

शिवराजला त्याचंही फारसं काही वाटलं नाही, कारण समोर जे होतं त्याने तो पुरता वेडावला होता. एका वळणावर ढग फाटले आणि पलीकडची सगळी रांग उघडी पडली. करवतीसारखी शिखरं, त्यांच्या पोटातून उतरणारी निळसर हिमनदी, आणि इतकी शांतता की स्वतःचं रक्त ऐकू यावं. आयुष्यभर दहा बाय वीसच्या दुकानात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अपर्णा, बघ की!"

"बघत बसलास तर दम जाईल," ती म्हणाली आणि पुढे गेली.

चढाईच्या दिवशी उजाडलं तेव्हा ते शेवटच्या धारेखाली होते. वारा चिरत होता. अपर्णाच्या बुटाखालच्या काट्यांचा पट्टा सैल झाला होता. तो आवळायला तिने उजव्या हाताचा बाहेरचा जाड हातमोजा काढला, गुडघ्याखाली दाबला आणि क्षणभर गुडघा उचलला. हातमोजा वाऱ्याने उचलला आणि दरीत गेला. सगळ्यांनी तो जाताना पाहिला.

तेजस म्हणाला, "नुसत्या आतल्या ग्लोव्हवर वर जाता येणार नाही. स्पेअर आहे?"

नव्हता.  अपर्णाने शिखराकडे पाहिलं, मग शिवराजकडे पाहिलं. तिच्या नजरेत विनंती नव्हती. सेलला काढलेला कपडा आपण बघतो, तसं ती त्याच्या हाताकडे बघत होती.

शिवराजने आपला उजवा हातमोजा काढून पुढे धरला. तिने तो घातला, मनगटाचा पट्टा आवळला आणि म्हणाली, "चला."

गाइड एकच होता. त्याने शिवराजला एका खडकाच्या आडोशाला बसवलं, दोराने खडकाला बांधलं आणि हिंदीत बजावलं की हात जॅकेटच्या आत ठेव, हलू नको, आम्ही लवकर येतो. गट वर गेला. शिवराजने हात काखेत धरला. पण वारा फिरला, आडोसा उरला नाही, आणि घसरू नये म्हणून त्याला पुन्हापुन्हा बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीचा दांडा धरून स्वतःला सावरावं लागलं. आधी बोटं जळल्यासारखी झाली. मग जळायची थांबली. ती थांबली याचं त्याला बरं वाटलं, इतका तो अडाणी होता.

लवकर म्हणता म्हणता ऊन डोक्यावर आलं. वरून हसण्याचे आवाज उतरत आले. अपर्णाच्या तोंडावर तोच चेहरा होता, ज्याच्यासाठी तो वर्षभर पायऱ्या चढला होता. ती त्याच्या अंगावरून दोर धरून पुढे निघाली तेव्हा तो म्हणाला, "अपर्णा, मोजा दे गं. हाताला काही कळंना."

"आता दोरावर काढता येणार नाही. खाली उतरल्यावर देते."

खाली उतरल्यावर गाइडनेच त्याचा हात पाहिला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती.

हैदराबादला आल्यावर बोटं काळी पडत गेली. डॉक्टरांनी वाट पाहिली आणि मग करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधल्याचं टोक काढून टाकलं. अपर्णा दवाखान्यात यायची, लॅपटॉप घेऊन बसायची, वेळेवर औषधं द्यायची. नर्सबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात, असं करणारं माणूस मिळालं." शिवराजने मान हलवली.

मग इथल्या मराठी मंडळाने अपर्णाचा सत्कार ठेवला. हैदराबादची मराठी बाई हिमशिखरावर! सभागृह भरलं. पहिल्या रांगेत कुसुमताई नवी साडी नेसून, शेजारी पट्टी बांधलेला शिवराज, त्याच्या शेजारी कॉलेजात शिकणारी मुलगी गौरी. अपर्णा सुरेख बोलली. शेवटी तिने आवाज खाली आणला.

"डोंगर चुकीला क्षमा करत नाही. माझ्याच नवऱ्याने वरती एक हातमोजा हरवला. एका क्षणाचं दुर्लक्ष. त्याची किंमत आज तुमच्यासमोर बसली आहे. पण खचून न जाता मी पुढे गेले, कारण मला खात्री होती, त्यालाही तेच हवं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वळून शिवराजकडे बघायला लागले, डोळे पुसायला लागले. मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव खाली उतरून त्याला भेटले आणि चुकून त्याचा उजवा हात हातात घेतला. तो कळवळला. लोकांना वाटलं, भारावला.

घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं. "मी कवा हरवला? मी तुला दिला."

अपर्णा कानातले काढत होती. "मी मागितला होता का?"

"नाही."

"मग?"

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला.

त्याने आईला सांगून पाहिलं. कुसुमताईंनी ऐकून घेतलं आणि लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. "शिवा, बायकोचं चांगलं झालेलं बघवंना का रे तुला? तुझा बाप असा नव्हता." गौरीला सांगितलं. तिने मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाली, "बाबा, खरं असेल तरी कुणाला सांगू नका. आईचं नाव खराब होईल. आणि तुम्ही अजूनच बिचारे वाटाल."

त्यानंतर शिवराजने कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "हाताला काय झालं सेठ?" तो म्हणायचा, "बर्फात मोजा हरवला." म्हणता म्हणता ते वाक्य गुळगुळीत झालं. कात्री चालवायला त्याने माणूस ठेवला. आपण गादीवर बसून डाव्या हाताने पावत्या फाडायचा.

पुढच्या वर्षी अपर्णा आणखी उंच शिखरावर गेली. या वेळी तो सिकंदराबादला गाडीवर सोडायला गेला नाही. दिवस सरले. एका दुपारी तो जेवायला घरी आला असताना दाराची बेल वाजली. अपर्णा दारात उभी होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आणि तो मोकळा चेहरा कुठेच नव्हता.

"वर नाही जाता आलं," ती म्हणाली. "मला श्वास पुरेना. तेजस म्हणाला, तू थांब. मला एकटीला तंबूत ठेवून सगळे वर गेले."

शिवराज पुन्हा ताटावर बसला.

"शिवराज, मी किती घाबरले होते."

"बरं," तो म्हणाला आणि वरणात भात कालवायला लागला.

ती उभीच होती. त्याने विचारावं म्हणून, काहीतरी, कसंही विचारावं म्हणून उभी होती. तो जेवत राहिला. शेवटी ती आत गेली, आणि भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत शिवराजने ते कधी ऐकलं नव्हतं. उठून जावं असं त्याला वाटलं नाही. त्याला बरं वाटत होतं. हे बरं वाटणं आपल्यात कुठून आलं, ते त्याला कळेना. पण ते होतं, पोटभर होतं, आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.