घासलेले सम्राट

आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या अमेरिकेत एकाही पुढाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचं कारण रोमन चांदीची तेवीस नाणी होती. काका या जानेवारीत गेले. ते भूलतज्ज्ञ होते. आयुष्यभर शिकागोत माणसांना झोपवलं आणि निवृत्तीनंतर नेपरव्हिलला येऊन तेच काम इंजेक्शनाशिवाय सुरू ठेवलं, असं काकू म्हणायच्या. चहाला गेलं की नाण्यांचा ट्रे यायचा. "कडेला धर. सम्राटाच्या गालाला बोट नको!" मग सुरू. एका नाण्यावर हातात हात आणि भोवती 'सलोखा' अशी अक्षरं. म्हणजे त्या वर्षी सगळे एकमेकांच्या जिवावर उठले होते, असं समजायचं. कुणी जिवंतपणीच स्वतःचा चेहरा नाण्यावर पाडला, त्याला लवकरच भोसकलं, आणि भोसकणाऱ्यांनी आपल्या नाण्यावर अभिमानाने खंजीर कोरले. निवडणुकीच्या दिवसांत गल्लीतल्या हिरवळींवर उमेदवारांच्या पाट्या उगवल्या की काका फिरताना एकेक वाचत आणि "हा घाबरलाय" असं निदान करत. प्रचाराला आलेल्या एका कार्यकर्त्याला त्यांनी दारातच पाऊण तास रोमन सैन्याच्या निष्ठेविषयी ऐकवलं. तो पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

जीव मात्र त्यांचा नाण्यांवरच्या काळपटपणात होता. "दोन हजार वर्षं लागलीत हा रंग चढायला. पुसला की नाणं मेलं." मी एकदा नकळत बाहीने एक पुसलं, तर तीन आठवडे अबोला.

एका दिवाळीत काकूंची केमो चालू होती. लक्ष्मीपूजनाला गेलो तर ताम्हनात तेवीसही नाणी लखलखत होती. दुपारी काका वर झोपलेले असताना काकूंनी देवाच्या उपकरण्यांबरोबर तीही टूथपावडरने घासली होती.

"अहो, कशी दिसतायत? बिचारे सगळे काळे पडले होते."

काकांनी एक नाणं उचललं. "फर्स्ट क्लास. याचं नाक आज पहिल्यांदा दिसलं."

हिवाळा संपायच्या आत काकू गेल्या. पुढे मी काकांना नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीला घेऊन गेलो. ट्रे उघडताच एक अमेरिकन म्हातारा कळवळून म्हणाला, "ओह नो, हू डिड दिस?"

"आय डिड," काका म्हणाले. गंधकाने ती पुन्हा काळी करता येतील, असं त्याने समजावलं. काकांनी थँक्यू म्हणून झाकण लावलं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "मी झोपलो नव्हतो रे त्या दुपारी. खालून घासल्याचा आवाज आला, तेव्हाच कळलं. धावत जिन्यापर्यंत आलो. पण ती गुणगुणत होती. किती महिन्यांनी! मग तिथेच पायरीवर बसलो, तिचं आटपेपर्यंत."