आक्काचा गुरुवार

"दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आता डायलिसिसवरच राहावं लागेल," डॉक्टर म्हणाले. आक्काने विचारलं, "मंग यंदा ऊसतोडीला जाता यील का?" डॉक्टरांनी डायलिसिसचा कागद लिहायला घेतला.

आक्का माझी थोरली बहीण. मी अंगणवाडीत काम करते. तिला मूल नव्हतं, नवराही गेलेला, म्हणून तिला नेकनूरला माझ्याकडेच आणलं.

डायलिसिस म्हणजे मशिनीतून रक्त साफ करणं. एका वेळेला चार तास लागतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात आक्काला सोमवार आणि गुरुवार ठरवून दिले होते. वर्षभर बरं चाललं. मशिनीवरून उठली की ती भाकरी मागायची.

मग वरून निधी कमी झाला. कंत्राटी टेक्निशियनची मुदत कुणी वाढवली नाही. चारातली एकच मशीन चालू राहिली आणि आक्काचा गुरुवार बंद झाला. बीडला गेलो तर तिथं आधीच यादी भरलेली.

पाणी मोजूनच प्यायचं होतं, म्हणून आक्का घोटभर पाणी तोंडात धरून बसायची. पाठ टेकली की दम लागायचा.

दोन महिन्यांनी कळलं, संसदेची समिती येणार आहे. आरोग्याच्या खर्चातली कपात आणि आरोग्यसेवेचं नवीन विधेयक ती तपासत होती. ती येणार त्या गुरुवारी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. बाहेरून टेक्निशियन आणले होते आणि चारही मशिनी चालू होत्या. एका अधिकाऱ्याने बजावलं, विचारतील तेवढंच बोला.

समितीच्या अध्यक्ष बाई आक्काच्या खाटेजवळ थांबल्या. उपचार वेळेवर मिळतात का, असं त्यांनी विचारलं.

"आज मिळाला," आक्का म्हणाली. "तुमी येनार म्हून चारी मशिनी चालू हायत. माझा गुरुवार दोन म्हैने झाले बंद हाय."

अधिकारी म्हणाला, आजारात पेशंटचा गोंधळ होतो. मी म्हणाले, रजिस्टर बघा. बाईंनी ते मागवलं. दोन महिन्यांच्या गुरुवारी तीन मशिनींचे रकाने कोरे होते. त्या उभ्यानेच बराच वेळ लिहीत होत्या.

त्या दिवशी आक्का एसटीत खिडकीशी ताठ बसून आली. पुढचा गुरुवार पुन्हा बंद. तिसऱ्या आठवड्यात सकाळी तोंड धुताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. पोटॅशियम वाढलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा रक्तातला क्षार. तो साचत गेला की हृदय थांबतं.

काही महिन्यांनी समितीचा अहवाल संसदेत गेला. टेक्निशियन नसल्याने मशिनी बंद राहत होत्या, असं त्यात एक वाक्य आहे. आक्काचं नाव नाही. विधेयकावर अजून चर्चाच चालू आहे. पण टेक्निशियन परत आला आणि गुरुवार सुरू झाला.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर एकही डायलिसिस चुकू देऊ नका. दवाखान्यात नाही म्हणाले तर ते लेखी मागा. मी ते उशिरा शिकले.

मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्यात गेले तेव्हा आक्काच्या खाटेवर पाटोद्याची एक बाई होती. तिची पहिलीच वेळ. हात गार पडले होते. सोबतीला आलेली सून खाली कागद करायला गेली होती.

"तुमचं पेशंट कुठंय?" खाटेवरच्या बाईने विचारलं.

"घरी हाय," मी म्हणाले, आणि तिचे चार तास होईपर्यंत तिथंच बसून राहिले.