दादाला न सांगितलेला आजार

सुनू, तुला अशी जवळ बसवून सांगायचं होतं. कोलशेतहून डोंबिवलीला यायला तुला सणवारच लागतो का गं? आलीस तरी चहा उभ्याउभ्याच. म्हणून लिहून काढतेय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुझ्या बाबांनाही नाही.

आपली मंदा — माझ्या दादाची लेक. बाळ अंगावर पीत होतं तिचं, तेव्हा छातीत गाठ लागली. मीच तिला कल्याणला घेऊन गेले. डॉक्टर कोण, तर तुझ्या नवऱ्याचे मामा. तुझं लग्न तेव्हा ठरत आलेलं. मंदा जिन्यातच म्हणते, "आत्या, यांना फी द्यायची की मानाचा नारळ?"

तुझी आजी काविळीने गेली, कुसुममावशी टायफॉइडने — असंच ऐकलंयस ना? दोघींना छातीचा कॅन्सर होता. आईची जखम मी धुवायचे, दार लावून. बाईच्या अंगाचं दुखणं — मुलाला कसं सांगायचं? म्हणून दादालाही कावीळच सांगितली. खरं जाणणारी मी एकटी उरलेली.

डॉक्टरांनी मंदाला विचारलं, आजोळी कुणाला छातीचा कॅन्सर होता का; ती नाही म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं — "आणि तुमच्याकडे कुणाला?"

मी म्हणाले, "आमच्याकडे? छे हो."

का? सोयरीक मोडेल म्हणून. तेवढ्यासाठीच.

दुधाची गाठ असेल, शेक घ्या, म्हणाले. तुझ्या लग्नात मंदा मिरवली — गाठ तशीच. मुंबईच्या इस्पितळात पोचलो तोवर उशीर झालेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काही घराण्यांत हा दोष रक्तातून उतरतो, बापाकडूनही. प्रत्येकीला होतोच असं नाही, पण धोका जास्त, म्हणून तरुणपणापासून तपासत राहायचं. दादा हात जोडून म्हणत होता, आमच्यात कुणालाच नव्हतं हो. मी शेजारीच उभी. तेव्हा तरी तोंड उघडलं का मी? नाही.

मंदा गेली. वेळेत बोलले असते तर वाचली असती? कुणास ठाऊक. पण त्या दिवशीच नीट तपासणी झाली असती — एवढं नक्की.

दादा अजून विचारतो, माझ्याच पोरीला का. त्यालाही सांगणार आहे. पण आधी तुला — आईचं जे दादाकडे आलं, ते माझ्याकडेही आलेलं असेल, आणि माझ्याकडून तुझ्याकडे. तुझ्या डॉक्टरांसमोर बसून मी माझ्या तोंडाने सगळं सांगेन. या आठवड्यातच ये गं.